दुपारी चार ते सहा

सर्जेराव वस्तादांच्या डिशचा कनेक्टर दर दोन-अडीच महिन्यांनी ढिला व्हायचा. वारा, माकडं, पाऊस, कंपनीचा कच्चा माल, यांपैकी कुणाचाच त्यात हात नव्हता, हे डिश कंपनीचा फिटर निवास शेडगे याला पहिल्याच खेपेला कळलं होतं. वाऱ्यानं सैल झालेल्या कनेक्टरच्या आट्यांत धूळ बसते. हा कनेक्टर मात्र नेमका दीड आटा मागे फिरवलेला असायचा, आटे पुसून लख्ख, आणि आतल्या तारेला दव लागू नये म्हणून त्यावर प्लास्टिकची पिशवी गुंडाळून दोऱ्यानं बांधलेली. बिघाडसुद्धा इतका नीटनेटका करणारा माणूस अख्ख्या पाटण खोऱ्यात एकच होता, आणि तो खाली अंगणात कमरेवर हात ठेवून उभा असे.

"काय झालंय रं?"

"वाऱ्यानं ढिला झालाय, वस्ताद."

"कंपनीचं कामच कच्चं. चल, हात धू. च्या टाकलाय."

चहा टाकलेला असायचाच. ओसरीवर दोन कप आधीपासून मांडलेले असायचे. तक्रार नोंदवली की कंपनी वेळ द्यायची, दुपारी चार ते सहा, आणि निवास चारच्या ठोक्याला वाघजाईवाडीच्या चढावर दिसायचा. दीड आटा पिळायला लागायचं अर्धं मिनिट. चहा मात्र सहापर्यंत चालायचा.

या दोघांना भेटायला एवढं सोंग का लागत होतं, ते सांगायला हवं.

खोऱ्यातली पहिली डिश वस्तादांनी लावली. पाटणच्या स्टँडसमोर त्यांचं 'सर्जेराव डिश सेंटर' होतं. आयटीआयत दोनदा नापास झालेला निवास तिथं चिकटला तो अकरा वर्षं. वायर सोलायची कशी, बाहेरची जाळी मागे दुमडायची कशी, हे वस्तादांनी त्याला हात धरून शिकवलं. जाळीचा एक धागा जरी मधल्या तारेला टेकला तरी चित्र जातं. वस्ताद ते टोक उन्हात धरून बघायचे आणि म्हणायचे, "तार दिसली पायजे, केस दिसता कामा नये." एखादा केस दिसला की ते टोक कापून फेकायचे. निवासनं पहिल्या वर्षी जेवढी टोकं फेकली तेवढ्यात एखादी वाडी उजळून निघाली असती.

दुसरा धडा वायरीचा नव्हता. दुकानातल्या एका फिटरनं एकदा चाफोलीच्या बाजूला चढ चढायचा कंटाळा केला आणि वहीत लिहून टाकलं, 'घर बंद.' दोन दिवसांनी त्या घरची म्हातारी दुकानात येऊन रडली. मी दिवसभर उंबऱ्यात बसले होते रे बाबांनो, म्हणाली. वस्ताद त्याच पावली उठले आणि तिच्याबरोबर चालत जाऊन डिश नीट करून आले. परत आल्यावर त्यांनी फिटरला काढला नाही, शिवीही दिली नाही. सगळ्यांना समोर बसवून एवढंच म्हणाले, "ज्याचं दार उघडं हाय त्याला बंद लिवायचं न्हाई. बाकी काय चुका करायच्या त्या करा."

मग कंपनी आली. तिला तयार हात हवे होते, आणि निवासचं नुकतंच लग्न झालं होतं. त्यानं वस्तादांना सांगायचं ठरवलं, उद्या सांगू म्हणत महिना घालवला, आणि शेवटी न सांगताच एका सोमवारी कंपनीचा निळा शर्ट घालून दुकानासमोरून गेला. वस्तादांनी गल्ल्यावरून मान वर केली. "निळा रंग खुलतोय तुला," म्हणाले. त्यानंतर सहा वर्षं ते त्याच्याशी बोलले नाहीत. दुकान बंद झालं, वस्तादांची बायको सिंधूकाकू गेल्या, वस्ताद गावी वाघजाईवाडीला येऊन राहिले, तरी बोलले नाहीत. निवास काकूंच्या दहाव्याला घाटावर जाऊन मागे उभा राहिला आणि मागच्या मागे निघून आला.

आणि एक दिवस त्याच्या यादीत तक्रार आली. ग्राहक सर्जेराव लोहार, वाघजाईवाडी, चित्र दिसत नाही. ज्या माणसानं सगळ्या खोऱ्याला चित्र दाखवलं, त्याला स्वतःच्या घरचा कनेक्टर पिळता येईना! निवास चढला, बघितलं, आणि त्याला रडू यायचं तेवढं बाकी राहिलं. वस्तादांचं घर डोंगराच्या कुशीत, मागच्या बांधावरून छपरावरच्या डिशला हात पोचायचा. म्हाताऱ्यानं चौऱ्याहत्तराव्या वर्षी त्या बांधावर चढून आपला अबोला दीड आट्यानं सैल केला होता. निवासनं वाऱ्याचं नाव घेतलं. वस्तादांनी कंपनीला नावं ठेवली. जुनं कुणीच काढलं नाही, आणि पुढची चार वर्षं वाघजाईवाडीचा वारा असाच वेळच्या वेळी सुटत राहिला.

*

डिशची वायर जाणार, हे कऱ्हाडच्या ऑफिसात कळलं तेव्हा सगळे फिटर खूश झाले. वायर हेच तर दुखणं होतं. उंदीर खातात, ऊन खातं, पावसात कनेक्टर गंजतात. आता छपरावरची डिश एका छोट्या सौर पट्टीवर चालणार होती आणि आकाशातून उतरलेलं चित्र विनातार घरात पाठवणार होती. खिडकीच्या काचेवर एक चकती चिकटवायची, तिला लोक पहिल्या आठवड्यातच टिकली म्हणू लागले, आणि टीव्हीशेजारी एक डबी ठेवायची. टिकलीकडून डबीकडे चित्र हवेतून जायचं.

एरिया मॅनेजर नलवडे साहेबांनी प्रशिक्षणात नीट समजावून सांगितलं होतं. एवढं स्वच्छ चित्र हवेतून न्यायचं तर लहर फार बारीक लागते, चार-पाच मिलिमीटरांची. ती वेगवान असते पण नाजूक. भिंतीतून जात नाही, काचेतून जाते, आणि पाण्यात शोषली जाते. माणसाचं शरीर म्हणजे बहुतेक पाणीच. त्यामुळे टिकली आणि डबी यांच्यामधून कुणी चाललं की लहर अडते. यावर कंपनीनं तोड काढली होती. टिकलीत शेकडो इवले अँटेना होते. सरळ वाट अडली की ते लहरीला भिंतीवरून, कपाटावरून टप्पा घ्यायला लावून दुसऱ्या वाटेनं डबीकडे पोचवत. एवढ्यावरच ते थांबत नव्हतं. कोण किती वाजता कुठून उठतं, कुठे बसतं, हे डबी काही दिवसांत शिकायची, आणि माणूस मधे येण्याच्या क्षणभर आधीच वाट बदलून ठेवायची. कंपनीच्या भाषेत याला 'सवय' म्हणत.

"कुणी खुर्चीत नुसतं बसून राहिलं तरी लहर हलते," नलवडे साहेब कौतुकानं म्हणाले होते. पडद्यावर त्यांनी एक रेघ दाखवली. तिच्यावर चार-चार सेकंदांनी एक बारीक उंचवटा होता. "हा श्वास. छाती वरखाली होते ना, त्याचा. आपल्याला त्याचा उपयोग नाही, आपण तो गाळून टाकतो. आपलं काम चित्र देण्याचं."

निवासच्या यादीत दोनशे बारा घरं होती. दोनशे अकरा घरांच्या वायरी काढून झाल्या तेव्हा कार्तिक लागला होता.

*

वस्तादांनी टिकली हातात घेऊन उन्हात धरली, उलटी केली, नखानं कड चाचपली. चांगली वस्तू दिसली की त्यांना राग वगैरे विसरायला व्हायचं. त्यांनी निवासला शंभर प्रश्न विचारले.

"भित्तीतनं जात न्हाई म्हंतोस. मग तांब्याच्या घागरीतनं?"

"न्हाई. आन पाण्यानं भरली असंल तर मुळीच न्हाई."

"माणूस मधी आला तर?"

"माणूस म्हंजे भरलेली घागरच की, वस्ताद. पण डबी वाट काढती. भित्तीवरनं फिरवून घेती. चार दिवसांत तुमचं उठणं-बसणं पाठ होतंय तिला."

"शाणी हाय," वस्ताद म्हणाले. मग त्यांनी टिकली खिडकीच्या कट्ट्यावर जपून ठेवली. "आन बिघाड झाला तर?"

"होत न्हाई."

"कदीच?"

"झालाच तर तिचं तीच नीट करून घेती."

"म्हंजे माणूस यायला लागत न्हाई."

निवास त्या वेळी बांधावर उभा होता आणि कनेक्टर सोडवत होता. तो या खेपेला पुरता आवळलेला होता. यायचं कारण कंपनीनंच दिलं होतं, म्हणून वस्तादांनी वाऱ्याला सुट्टी दिली होती.

"न्हाई," निवास म्हणाला.

"बरं झालं. एवढा चढ चढून तुझं बी गुडघं दुखत असतील."

त्याच क्षणी म्हणायचं होतं, की वस्ताद, बिघाड नसला तरी मी येणार. एवढंच. वाक्य ओठापर्यंत आलं होतं. पण ते म्हणायचं तर आधीची चार वर्षंही कबूल करावी लागली असती, आणि वस्तादांच्या डोळ्यांत बघून 'तो कनेक्टर तुम्हीच सैल करत होता' असं सुचवल्यासारखं झालं असतं. म्हाताऱ्याची लाज राखावी म्हणून निवास गप्प राहिला. निदान स्वतःला त्यानं तसंच सांगितलं.

चौदा मीटर वायर उतरली. ती कंपनीला परत करायची असते. वस्तादांनी तिचं वेटोळं केलं, मनगटाभोवती फिरवत, एकही पीळ न पाडता. "ही ऱ्हाऊ दे माझ्याकडं. शिकवणीची हाय," म्हणाले. चहा झाला. सहाच्या ठोक्याला निवास उठला. चढाच्या वळणावरून त्यानं मागे बघितलं तर वस्ताद खिडकीशी उभे राहून टिकली न्याहाळत होते.

*

पाच आठवड्यांनी तक्रार आली. रोज दुपारी चार वाजता चित्र जातं, माणूस पाठवा. कंपनीच्या यंत्रानं आधी आपणच तपासलं होतं आणि 'आपला सिग्नल उत्तम आहे' असं चार वेळा कळवलं होतं. पाचव्यांदा ग्राहक हटूनच बसला म्हणून भेट ठरली होती. गुरुवार, चार ते सहा.

त्या गुरुवारी निवासकडे नऊ घरं होती. तीन वाजता तो पाटणात होता, इलेक्ट्रिक फटफटीच्या बॅटरीत जेमतेम चढापुरती धुगधुगी होती, आणि घरून रंजनाचा फोन येऊन गेला होता की शाळेत पालकांची सभा आहे, या वर्षी तरी या. त्यानं मोबाईलवर वस्तादांच्या घराचा सिग्नल उघडला. अठ्ठ्याण्णव टक्के. दुरुस्त करण्यासारखं काहीच नव्हतं.

काहीच नव्हतं, आणि नेमकं तेच त्याला अडलं. आता तिथं जाऊन म्हणायचं काय? वारा म्हणायला वायर उरली नव्हती. सगळं ठीक आहे म्हणावं तर म्हाताऱ्याची लबाडी उघडी पडते. रविवारी जाऊ, त्यानं ठरवलं. कामाचं नाव न काढता, सुट्टीच्या दिवशी, नुसतंच. अंबाबाईचा प्रसाद घेऊन जाऊ, काहीतरी निमित्त काढू.

पण यादीतली भेट बंद करायला कारण निवडावं लागतं. त्यानं स्टँडजवळच्या झाडाखाली उभं राहून बोटानं यादी खाली सरकवली आणि 'ग्राहक घरी नव्हता' यावर टिचकी मारली. सगळेच फिटर मारतात. तो सभेला गेला, तिथं बाईंनी मुलीचं अक्षर चांगलं आहे म्हणून सांगितलं, आणि त्याला फार बरं वाटलं.

त्या रविवारी मेहुण्याचा साखरपुडा निघाला. पुढच्या रविवारी ताप आला. त्याच्या पुढचा रविवार कसा गेला हे त्याला नंतर खूप आठवूनही आठवलं नाही.

*

पौषातल्या सोमवारी सकाळी कऱ्हाडच्या ऑफिसात नेहमीची मीटिंग भरली. नलवडे साहेब खुशीत होते. पडद्यावर घरांची यादी होती, स्थिरतेच्या क्रमानं लावलेली. राहत्या घराला शंभर टक्के कधी मिळत नाहीत. माणसं हलतात, वाट बदलते, कुठेतरी सुतभर कमी पडतंच. साडेनव्व्याण्णव म्हणजे डोक्यावरून पाणी.

"पण आज एक गंमत दाखवतो," साहेब म्हणाले. "पाटण विभाग, वाघजाईवाडी, घर क्रमांक अठरा. टीव्ही सलग चालू, बहात्तर तास. स्थिरता शंभर टक्के. डोंगरात! हे काम शेडगेंचं. वाजवा टाळ्या."

टाळ्या पडल्या. शेजारच्यानं पाठीवर थाप मारली. निवासनंही हसत दोन-तीन टाळ्या वाजवल्या. तिसरी टाळी वाजवताना त्याच्या डोक्यात एकदम उजेड पडला, आणि हात तसेच जोडलेले राहिले.

त्यानं खिशातून मोबाईल काढून अठरा नंबरची न गाळलेली रेघ उघडली. फिटरना ती बघता येते, कुणी बघत नाही. रेघ सरळ होती. शुक्रवारी सकाळपासून सरळ. चार सेकंदांचा तो बारीक उंचवटा त्यानं दोन बोटांनी मोठं करून, आणखी मोठं करून शोधला. कुठेच नव्हता.

"शेडगे, कुठं निघालात? अहो, दोन शब्द तरी बोला," साहेबांचा आवाज मागून आला तेव्हा तो जिन्यात होता.

*

दार नुसतं लोटलेलं होतं. आत टीव्हीवर एक बाई कोथिंबिरीच्या वड्या कशा करायच्या ते सांगत होती, चित्र असं स्वच्छ की कोथिंबिरीवरचे थेंब मोजावेत. वस्ताद तिच्यासमोर खुर्चीत होते. घोंगडी गुडघ्यांवर होती, मान किंचित कलली होती. निवासनं पुढे होऊन त्यांच्या हाताला हात लावला आणि मग तो तिथंच फरशीवर बसला.

शेजारची तानूबाई धावत आली आणि दारातच तिनं तोंडावर पदर घेतला. वाडीत आता चारच चुली पेटतात, बाकीची घरं मुंबईला. "टीवी चालू व्हता रं," ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. "आवाज येत व्हता. मला वाटलं म्हातारा बातम्या बघतोय. रोज आयकत व्हते मी. टीवी चालू व्हता."

निवासनं उठून टीव्ही बंद केला. तेव्हा त्याचं लक्ष खिडकीकडे गेलं. खिडकी आणि खुर्चीच्या मधे एका स्टुलावर तांब्याची घागर होती, काठोकाठ भरलेली. तिच्या शेजारी उभी केलेली परात, तिला टेकू म्हणून पाटा. पलीकडे खुंटीला स्टीलचं ताट दोरीनं टांगलेलं. म्हाताऱ्या माणसाचा पसारा, त्याला वाटलं. त्या क्षणी त्याहून जास्त काही सुचण्यासारखं त्याचं मन उरलं नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेले असतील, कळलंही नसेल. तू वेळेवर आला असतास तर वाचले असते असं काही नाही, हे त्यांनी आपणहून सांगितलं. निवासला त्याचा काडीचाही आधार वाटला नाही. वाचवायचं कोण म्हणत होतं? चहा प्यायला यायचं होतं.

*

तेराव्यानंतर यादीत काम आलं. ग्राहक मयत. टिकली व डबी जमा करणे.

मुंबईहून आलेला वस्तादांचा भाचा अविनाश सामान बांधत होता. बरा माणूस होता. "मामांचं टीव्हीवेड माहीत नव्हतं मला," तो म्हणाला. "फोनमध्ये सगळे कंपनीचेच मेसेज. हे बघा ना. आणि हा एकच त्यांनी जपून ठेवलाय, वर खूण करून."

निवासनं फोन हातात घेतला. *प्रिय ग्राहक, आमचा तंत्रज्ञ आज आपल्याकडे आला होता. आपण घरी नव्हता. गैरसोयीबद्दल क्षमस्व.* गुरुवार. तीन वाजून बारा मिनिटं.

चारच्या आधीच आला होता तो मेसेज. म्हणजे त्या वेळी वस्ताद आलं किसत असतील. दोन कप मांडून झाले असतील. आणि मेसेज कुणाकडून आला, त्याचा अर्थ काय, हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार होतं? तो धडा त्यांचाच होता. तरी त्यांनी तक्रार केली नाही. खूण करून ठेवला, बस.

"तुम्हाला बरं नाही का?" अविनाशनं विचारलं.

"न्हाई. मी वस्तादांकडं शिकलोय," निवास म्हणाला. अविनाशला हे कशाचं उत्तर ते कळलं नाही. तो काही भांडी द्यायला तानूबाईकडे गेला, आणि घरात निवास एकटा उरला.

डबी काढण्यापूर्वी तिची नोंद उतरवून घ्यावी लागते. त्यानं ती लावली आणि वाचायला बसला.

वायर काढल्यानंतरच्या आठव्या दिवशी, दुपारी चार वाजता, टिकली पूर्ण झाकली गेली होती. डबीनं टीव्हीवर सूचना दिली होती, खिडकीसमोरची वस्तू बाजूला करा. शेरा: ग्राहकाची चूक, भेटीची गरज नाही. नवव्या दिवशी, चार वाजता, मधे मोठा अडथळा, पाणी. चित्र चाळीस मिनिटं बंद. दहाव्या दिवशी बावीस मिनिटं. अकराव्या दिवशी नऊ. मग दोन. मग शून्य. शेरा: सवय शिकली.

निवासनं मान वर करून घागरीकडे बघितलं. ती अजून स्टुलावरच होती.

पुढे नवा अडथळा, धातू. एकतीस मिनिटं, बारा, चार, शून्य. सवय शिकली. मग पाणी आणि धातू एकत्र, जागा बदलून. मग टांगलेला धातू, हलता. तेवढ्यासाठी वस्तादांनी ताटाला झोका दिला असणार. शून्य. सवय शिकली. वस्तादांनी डबीची पिन काढली नव्हती की टिकली फोडली नव्हती. चांगली वस्तू ते मोडणाऱ्यांतले नव्हते. त्यांना प्रामाणिक बिघाड हवा होता, फिटरला जिथं तोंड वर करून 'वाऱ्यानं झालं' म्हणता येईल असा. रोज चार वाजता एक म्हातारा पाण्यानं भरलेली घागर उचलून आपल्या माणसाला हाक मारत होता, आणि रोज ते शहाणं यंत्र त्या हाकेला वळसा घालून पुढे जात होतं. ते शिकत होतं, नलवडे साहेबांनी सांगितल्याप्रमाणे. गुरुवारी निवासनं जे केलं, तेही याहून वेगळं नव्हतं.

तो गुरुवारही नोंदीत होता. त्या दिवशी चारला अडथळा नव्हता. कुणीतरी खिडकीपाशी येऊन उभं राहिलं होतं, दोन तास, फारसं न हलता. मग दुसऱ्या दिवसापासून पुन्हा घागर.

निवास रडला. चाळीस पार केलेला माणूस, कंपनीचा निळा शर्ट घातलेला, परातीला धरून मोठ्यानं रडला, आणि त्याला कुणी बघितलं नाही.

डोळे पुसून त्यानं घागर उचलली. जड होती. ती त्यानं तुळशीला रिकामी केली. परात, ताट, स्टूल, सगळं बाजूला केलं. खोली मोकळी झाली. काम उरकावं म्हणून त्यानं मोबाईलवर लहरीची वाट उघडली. वाट क्रमांक एक, टिकलीकडून डबीकडे सरळ, मधे काही नाही.

मग घड्याळात चार वाजले.

मोबाईलवरचा आकडा हलला. एकाचे तीन झाले. लहर खिडकीतून आली, कोपऱ्यातल्या कपाटाकडे वळली, भिंतीला टेकली आणि तिथून डबीकडे गेली. खोलीच्या मधली ती चार फूट जागा तिनं सोडून दिली. तिथं कुणी नव्हतं. डबीला मात्र ते कुणी सांगितलं नव्हतं. तिनं चार वाजले म्हणून वस्तादांसाठी वाट सोडली होती.

निवास त्या मोकळ्या जागेत जाऊन उभा राहिला. आकडा तीनच राहिला.

"वस्ताद," तो म्हणाला, "आलोय मी. बिघाड काय न्हाई. सहजच आलोय."

असं म्हणायला किती सोपं होतं, हे कळून त्याला आणखीच रडू आलं. मागच्या बांधावरून वारा येत होता. खुंटीवर जुन्या वायरीचं वेटोळं तसंच होतं. त्यानं ते काढून उजेडात धरलं. दोन्ही टोकांना नवे कनेक्टर बसवलेले होते, वायर काढल्यानंतर कधीतरी बसवलेले. वस्तादांचे हात कापायचे अलीकडे. तरी तार दिसत होती. केस एकही दिसत नव्हता.

टिकलीला हात लावणं त्याच्यानं झालं नाही. पाच वाजले, साडेपाच वाजले. तो ओसरीवर बसून राहिला, दोघं बसत त्याच जागी, आपल्या बाजूला. सहा वाजता त्यानं मोबाईल उघडला. काम का झालं नाही, याचं कारण यादीतून निवडावं लागतं. त्यानं बोटानं यादी खाली सरकवली, जुनी ओळखीची ओळ सापडली, आणि तिच्यावर टिचकी मारली.

'ग्राहक घरी नव्हता.'

मग वायरीचं वेटोळं खांद्याला अडकवून, दार उघडंच ठेवून, तो चढ उतरू लागला.